गेला, म्हणजे कुठे?

भिंतीवर निळ्या रंगात घराचा क्रमांक आहे.
मीच रंगवलेला. डबा संपत आला होता
म्हणून शेवटचा सात जरा फिकट.
गिनी कोंबड्या माझी सायकल ओळखतात,
बाजूला होत नाहीत.

वीस वर्षं येतेय, वर्षातून तीनदा:
पेरणीत, कापणीनंतर,
आणि वाळवंटाकडून धूळ येते तेव्हा.
प्रश्न तेच. कोण जन्मलं. कोण आलं.
कोण गेलं.

शब्द एकच, रकाने दोन.
गाव सोडलं: तीन. मृत्यू: चार.
म्हणून विचारावं लागतं, गेला म्हणजे कुठे?
हे विचारायचा मला पगार मिळतो.

आयिनपोका शिआच्या बिया फोडतेय, दगडावर दगड.
तिची पहिली मुलगी नाव ठेवण्याआधीच.
नाव नसण्यालाही आमच्याकडे आकडा आहे, नव्याण्णव.
दुसरा अडोंगो, अकरा महिन्यांचा.
ताप होता, ओढा भरलेला होता,
दवाखाना पलीकडच्या काठावर होता.
तेव्हा मी मोठा फॉर्म भरला.
मान ताठ झाली होती का? टाळू खोल गेली होती का?
अंगावर शेवटचं कधी प्यायला?
बेचाळीस प्रश्नांची तिने नीट उत्तरं दिली,
मग म्हणाली, हे सगळं मी तेव्हा
कुणाला सांगायचं होतं?

तिसऱ्याचं नाव तिने ठेवलं आटामपुग्रे.
उकिरडा.
पाचव्या दिवशी खरंच नेऊन ठेवला केराच्या ढिगावर,
शेजारणीने उचलला, आणि चार नाण्यांना
परत विकला आईला.
नेणारा चांगलं बघून नेतो.
उकिरड्याकडे कोण बघतंय?

नाही बघितलं कुणी.
तो माझ्या हँडलएवढा झाला, मग दाराएवढा,
मग दारातून वाकून बाहेर यायचा
आणि न सांगता माझ्या मागच्या चाकात हवा भरायचा.

ऑफिसच्या भिंतीवर एक आलेख आहे.
पाच वर्षांखालची रेषा, दर हजारी,
उतरत उतरत येते: मच्छरदाण्या, लसी,
मीठ-साखरेचं पाणी.
खोटं कशाला बोलू, मला तिचा अभिमान आहे.
ती मी सायकलवरून खाली आणलीय.
आतल्या पानावर दुसरी एक आहे,
पंधरा ते चोवीस. ती भिंतीवर कुणी लावत नाही.
ती पोरं मरायलाही जिल्ह्याबाहेर जातात,
आणि आमची वही ओढ्यापाशी संपते.

आटामपुग्रे?
गेला.
कुठे?
दक्षिणेला. सोन्याच्या खड्ड्यांवर.

मागच्या दोन फेऱ्यांनाही हेच म्हणाली होती.
पण सोमवारी बाजारात त्याचा चुलतभाऊ भेटला,
कांद्यांच्या पोत्यावर बसलेला, एक कान पट्टीत.
रात्रभर पाऊस. कडा खचला. नऊ जण बाहेर काढले,
दोघांवर तशीच माती लोटली.
घरी सांगून आलोय, म्हणाला. मान वर केली नाही.

मला माहीत आहे, हे तिलाही माहीत आहे.
भोपळ्याच्या कवटीतून मला पाणी देते,
कवटी परत घेईपर्यंत समोर उभी राहते.

तीनच लिही, म्हणते.
तीनवाल्यांसाठी तुमच्याकडे पुढे पाच आहे ना?
परत आला?

आहे. पाच आहे.
चारच्या पुढे काही नाही.

नियम शाईचा आहे.
मी पिशवीत पेन्सिल शोधली,
तीन लिहिलं, फार न दाबता,
आणि फॉर्ममधला पुढचा प्रश्न विचारला:
घरात मच्छरदाण्या किती?

एक, ती म्हणाली.
ती त्याची आहे.